मालूताईचा नितळ फोटो

मालूताई गेल्याचं मला बॅनरवरून कळलं. तेही मोबाइलमधल्या बॅनरवरून. पेणजवळच्या जोह्यात आमच्या गणपतीच्या कारखान्यात त्या सकाळी मूर्तींना बॉडी कलर मारायचं काम चाललं होतं. कॉम्प्रेसर सुरू असला की शेजारचा माणूस काय बोलतो ते ऐकू येत नाही, मग फोनची रिंग कुठली ऐकू यायला! रंगकामाला येणाऱ्या सुगंधाने तिचा मोबाइल माझ्या नाकासमोर धरला आणि ओरडून विचारलं, "शैलाताई, ही तुमची डॉक्टरीण ना?" मी चष्म्यावरचे शिंतोडे पुसले आणि पाहिलं. वर काळ्या पट्टीत 'भावपूर्ण श्रद्धांजली'. खाली हात जोडून उभे असलेले आमच्या भागातले एक पुढारी, त्यांचा फोटो सगळ्यांत मोठा. आणि त्यांच्या खांद्याशी एका गोलात एक बाई. गोरी, गुळगुळीत, गालांवर गुलाबी झाक. "नाय गो, ही कुठची? ही नव्हे ती," असं म्हणून मी पुन्हा मूर्तीच्या सोंडेकडे वळलेसुद्धा. मग सुगंधाने फोटोखालचं नाव वाचलं... तेव्हा माझ्या हातातली रंगाची गन खाली पडली. फोन पाहिला तर तिच्या दवाखान्यातल्या अंकिताचे कॉलच कॉल येऊन गेले होते.

आता हे नीट सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल ही बाई आपल्या सख्ख्या मावसबहिणीला ओळखत नाही. मालूताईला कोड होतं. लहानपणापासून. अर्धं कपाळ, डावी भुवई, डावा गाल, गळा आणि दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे. पन्नास-पंचावन्न वर्षं मी तोच चेहरा पाहिला. तो चेहरा कुणीतरी कॉम्प्युटरवर बसून पुसून टाकला होता. सरसकट एकच रंग, आम्ही मूर्तीला मारतो तसा. मेलेल्या बाईच्या तोंडाला पावडर फासून तिला चौकात उभी केली होती. लोक म्हणतात, अशा वेळी आधी रडू येतं. मला रडू नाही आलं. मला किळस आली. आता दीड महिना होत आला, घरचे म्हणतात, शैला, सोड आता राग. अहो, राग कधीच गेला. किळस जात नाही, तिला मी काय करू?

मालूताई रोह्याची. तिचं घर कुंडलिकेच्या अंगाला होतं, सुटीत आम्ही पेणहून जायचो तेव्हा दिवसभर नदीवर असायचो. तिला पहिला डाग भुवईवर आला तेव्हा ती शाळेत होती. मग सुरू झाली ती बायकांची वरात. कुणी म्हणे मासे खाऊन वर दूध प्यायली असणार. कुणी बावचीचं तेल आणलं, त्याने तिच्या कपाळावर भाजल्यासारखे फोड आले. एका आत्याने तर, आईला कुठल्या जन्माचं फेडावं लागतंय, असं तिच्या तोंडावर म्हणून घेतलं आणि मग निवांत बसून पोहे खाल्ले. तिचा कप वेगळा होता. कडीवरून टवका उडालेला, फडताळाच्या कोपऱ्यात पालथा घातलेला. ती तो कप स्वतःच उचलायची, स्वतःच विसळायची, आणि कुणी पाहुणी आली की मुद्दाम त्याच कपातून तिला चहा द्यायची. पाहुणी आवडीने प्यायची. मालूताई दाराआडून मला डोळा मारायची.

अशी होती ती. चिडायची नाही, चिडायचं काम तिने माझ्याकडे सोपवलं होतं. माझ्या हळदीला माझ्या होणाऱ्या सासूने तिला बाजूला घेऊन सांगितलं, "तुम्ही हळद नका लावू हां, गैरसमज नको." ही आपली "बरं" म्हणून जिलेबीच्या ताटाशी जाऊन बसली. मला कळलं तेव्हा मी पाटावरून उठले, तिचा हात धरला, हळदीच्या वाटीत बुचकळला आणि माझ्या दोन्ही गालांना फासून घेतला. मालूताई हसत सुटली. "शैले, अगं, लग्न मोडेल ना तुझं!" मोडलं नाही. सासूबाई पुढे कित्येक वर्षं माझ्या तोंडावर डाग उठतोय का ते बघत होत्या, ते वेगळं.

ती डॉक्टर झाली, त्वचारोगाचीच झाली, मुंबईत शिकली आणि तिथल्या मोठ्या दवाखान्याचं बोलावणं सोडून पेणला आली. स्टँडपासून जवळच, वरच्या मजल्यावर तिचा दवाखाना. तिथे पेशंटचं स्टूल टेबलापलीकडे नसायचं. तिच्या खुर्चीला लागून, गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ. माणूस दारात आला की ती स्टूल आणखी जवळ ओढायची, "या, बसा" म्हणायची, आणि काही विचारायच्या आधी जिथे खाज असेल, खपल्या असतील, पाणी वाहत असेल, तिथे मोकळा हात ठेवायची. मिठागरात राबून टाचा आणि बोटं फाटलेली माणसं, सोरायसिसने पाठ सोलवटलेल्या बायका, इसबाची तान्ही पोरं. मी एकदा म्हटलं, "शी गं, निदान हातमोजे तरी घाल." तर म्हणाली, "जिथे संसर्ग असतो तिथे घालते की. पण हे पसरणारे रोग नाहीत, शैले. या माणसांना घरात वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नसतो. औषध मागाहून."

जनुकांचं ते संशोधन तिच्या डोक्यात कधी शिरलं कोण जाणे. एका मोठ्या संस्थेबरोबर ते काम होतं. मला तिने कारखान्यात बसून समजावलं, मूर्तीच्या पाटाला टेकून. मी विचारलं होतं, "म्हणजे एखादं जनुक बिघडलं की कोड होतं?" तर म्हणाली, "एकच असतं तर किती सोपं झालं असतं! पुष्कळ असतात, प्रत्येकाचा हात थोडा थोडा. त्यातली काही तुझ्यातही असतील, पण तुला झालं नाही. बाकी ऊन, कामातली रसायनं, शरीर आपल्याच रंगपेशींवर उठणं... सगळं मिळून होतं ते." मग इथेच कशाला कडमडायचं, असं मी विचारलं. "कारण आजवर पुष्कळसं रक्त गोऱ्या देशांतल्या लोकांचं तपासलंय. त्यावरून आलेलं उत्तर आपल्या माणसांना बसेल कशावरून? तुमच्याकडे एका घरच्या मखराच्या मापाची मूर्ती दुसऱ्याच्या मखरात बसते का?" आणि आपल्याकडे तर आत भात-वाल पिकवणारे शेतकरी, खाडीला मिठागरवाले, पिढ्यान् पिढ्या आपापल्या गावांतच सोयरिकी करणारे. हाकेच्या अंतरावर राहून दोघांचे नातेवाईक वेगळे. दोन्हीकडे कोड, दोन्हीकडे सोरायसिस, दोन्हीकडे इसब. कुणात काय सारखं आणि काय वेगळं, ते तिला बघायचं होतं. "आपल्या पोरींना हे का होतं याचं खरं कारण मिळालं ना, तर मासे-दूध तरी बंद होईल," असं म्हणून ती हसली होती.

पहिलं शिबिर झालं ते हायवेवरच्या खांब गावाच्या पुढे, आत एका गावात. गावाचं नाव घेत नाही, तिथल्या लोकांना पुरेसं भोगावं लागलं आहे. समाजमंदिर दिलं होतं बॅनरवरच्या त्याच पुढाऱ्यांनी, चहाही त्यांचाच. मी हौसेने मदतीला गेले होते. बघते तर काय, गाव नटूनथटून आलेलं! बायका काठपदरात, केसांत अबोलीचे वळेसर, पुरुष इस्त्रीच्या शर्टात. आणि अख्ख्या समाजमंदिरात एका माणसाच्या अंगावर साधा खरजेचा ठिपका नाही. मालूताई बुचकळ्यात पडली. तिने एका म्हाताऱ्या बाबांना विचारलं, "बाबा, आजारी माणसं कुठायत?" बाबा अभिमानाने म्हणाले, "आजारी कशाला दाखवायची? गावातली चांगली चांगली निवडून आनलीत. तुम्ही रक्त बघनार, मंग रक्त चांगलं नको?" पोरगी दाखवायच्या कार्यक्रमाला यावं तसं गाव तिला रक्त दाखवायला आलं होतं! हसता हसता मालूताईच्या डोळ्यांत पाणी आलं. मग म्हणाली, "बरोबर आहे बाबा, मला निरोगी पण लागतात तुलनेला," आणि तिने त्या सगळ्यांचं रक्त घेतलं. त्यांचा मान राखून, वळेसराचं कौतुक करून.

तेव्हा मीही हसले. पण दुपारी ती उठली आणि घरोघर निघाली, तेव्हा माझं हसू पळालं. कारण आजारी माणसं होतीच. मागच्या पडवीत, गोठ्याशी, माळ्यावर. एका घरात वहिनी पुढे येऊन चहा देत होती आणि घरची लेक मागच्या दारात भांडी घासत होती, तोंडाला ओढणी बांधून. तीच अंकिता. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना कोड. तिच्याऐवजी वहिनी नटून शिबिराला जाऊन आली होती. मालूताई भांड्यांच्या शेजारी उकिडवी बसली आणि तिने त्या पोरीची राखेने भरलेली बोटं हातात घेतली. अंकिताने आधी तिच्या हाताकडे पाहिलं, मग तोंडाकडे. मग म्हणाली, "डॉक्टर, तुम्ही काय लावत नाय तोंडाला? क्रीम न् काय?" मालूताई म्हणाली, "लावायचे. मग कंटाळा आला."

अंकिताचं लग्न ठरलेलं होतं. रोह्याकडचा मुलगा, कंपनीत परमनंट. मालूताईने विचारलं, त्याला माहीत आहे का. "त्याला म्हाइती हाय. तो म्हनतो, मला चालतंय. पन त्याच्या घरच्यांना नाय सांगितलेलं, तो सांगनार हाय हळूहळू." रक्त द्यायला ती तयार झाली, तिची आईही झाली, आईच्या कोपरांवर सोरायसिसच्या खपल्या होत्या. पण अंकिताने एक कबूल करून घेतलं. माझं नाव कुणाला कळता नये. मालूताईने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझं नाव माझ्या तोंडून बाहेर पडायचं नाही." त्या पोरीकडे बघून आणखी दोन-चार घरांतली लपवलेली माणसं समाजमंदिरात रक्त द्यायला आली. मालूताईच्या तोंडून नाव कधी बाहेर पडलंही नाही. संस्थेला गेलेल्या नळ्यांवर नावं नव्हतीच, नुसते आकडे.

पण आपल्याकडे बॅनर आहेत ना! मालूताई बर्फाची पेटी गाडीत नीट लावून घेत होती, तेवढ्यात पुढाऱ्यांच्या माणसांनी सगळ्यांना समाजमंदिराच्या पायरीवर उभं केलं. आठवण म्हणून फोटो. साहेबांनी चहा पाजलाय, नाही कसं म्हणायचं? अंकिताही उभी राहिली, आईच्या मागे. आठवडा झाला नाही तोच खांबला हायवेवर हा एवढा फ्लेक्स! 'त्वचारोग अनुवंशिकता संशोधनात उत्स्फूर्त सहभाग घेणाऱ्या कुटुंबांचे हार्दिक अभिनंदन!' वर पुढारी हात हलवताहेत, खाली ओळीने चेहरे, प्रत्येकाखाली नाव आणि गाव. आणि चेहरे कसे? साफसूफ केलेले. अंकिताच्या ओठांवर एक डाग नाही, नटीसारखी दिसत होती पोरगी. जे दिसू नये ते पुसलं आणि जे कळू नये ते मोठ्या अक्षरात लिहिलं. असली अक्कल कुठल्या बाजारात मिळते हो?

आम्ही दोघी गेलो. वडापाववाल्याची शिडी मागून मी वर चढले आणि रंग खरवडायच्या सुरीने दोऱ्या कापल्या. खाली मालूताई शिडी धरून उभी. ट्रकवाले शिट्ट्या मारून गेले. मग ती तशीच तिथून पुढाऱ्यांकडे गेली, मी मागोमाग. ते सोफ्यावर आरामात बसलेले. "मॅडम, फुकट प्रसिद्धी केली तुमची, आणि तुम्ही रागावता?" मालूताई म्हणाली, "या लोकांना मी शब्द दिला होता." तर म्हणतात कसे, "अहो, पण फोटो किती स्वच्छ केलेत ते बघा की! कुणाचं काही दिसतंय का?" खरंच त्या माणसाला वाटत होतं की त्याने उपकार केले. बाहेर येऊन मी गटाराशी थुंकले. बॅनर उतरला होता, पण तो सगळ्यांच्या मोबाइलमध्ये जाऊन बसला होता, तिथून कोण उतरवणार.

पुढचं लवकर झालं. रोह्याच्या घरून निरोप आला की आम्हाला फसवलंत. तो परमनंट मुलगा... त्याने फोन उचलायचं बंद केलं, बस. 'मला चालतंय' म्हणणारा. चूक झाली, भीती वाटली, आईपुढे बोलता आलं नाही, एवढं तरी म्हणायला तोंड होतं की नाही त्याला? आणखी एका घरातली सोयरीक अशीच फिसकटली. मग एका सकाळी ती सगळी मंडळी पेणला दवाखान्यात आली. जिन्यावर माणसंच माणसं. पुढे अंकिताचे वडील, दामूकाका. त्यांची मागणी एकच. "आमचं रक्त परत द्या."

हसू नका. मी तिथे होते आणि कंपाउंडर तोंड दाबून हसत होता, मालूताईने त्याला बाहेर काढलं. तिने सगळ्यांना बसवलं आणि म्हणाली, "तुमचं आहे, तुम्हाला हवं असेल तर मला ठेवता येणार नाही." संस्थेने आधी कटकट केली. काम अर्ध्यात आहे, पुन्हा समजूत घाला, अमुक तमुक. तिने फोनवर एकच धोशा लावला, नको म्हणाले म्हणजे नको. शेवटी नष्ट करायचं ठरलं. पण कागदावर कोण विश्वास ठेवतो? म्हणून ती दामूकाकांना बरोबर घेऊन गेली, त्यांच्या डोळ्यांदेखत व्हावं म्हणून. मी गेले नव्हते, तिनेच मला सांगितलं. तिथल्या माणसाने शीतपेटीतून एकेक नळी काढून लाल पिशवीत टाकली. बोटाएवढी नळी, तळाशी जरासं काहीतरी. दामूकाका वाकून बघत राहिले आणि म्हणाले, "येवढंसंच व्हय? आनि येवढ्यासाठी येवढा इस्कोट?"

फक्त एक नळी पिशवीत गेली नाही. अंकिताची. आदल्या दिवशी पोरगी एकटी एसटीने पेणला आली होती. ओढणी नव्हती, पावडर नव्हती. "माझं राहू द्या," म्हणाली. "लगीन मोडलं ते मोडलं. आता त्यातनं काय निघतंय ते तरी निघू दे." दामूकाकांना ते संस्थेत कळलं. पेणला परतल्यावर त्यांनी दवाखान्यात जे काही तोंड सोडलं! माझी पोर, माझं रक्त, तुम्ही कोन ठेवनाऱ्या? मालूताई शांतपणे म्हणाली, "दामूकाका, ती सज्ञान आहे. तिचं रक्त तिचं." तेव्हा तो माणूस म्हणाला, "तुमचं लगीन झालं नाय म्हनून आमच्या पोरीला पन तुमच्यासारखी करून ठेवनार काय?" आणि तिच्या टेबलापाशी पचकन थुंकला. पेशंट बसलेले, सगळ्यांदेखत. मी त्याच्या अंगावर धावले होते, तिने मला दंडाला धरून मागे ओढलं. मग तिने स्वतः फडकं आणून ते पुसलं. तो गेल्यावर मी म्हटलं, "तुला किळस नाही येत या लोकांची?" ती फडकं बादलीत बुडवत म्हणाली, "येते ना. रोज येते. म्हणून काय स्टूल लांब ठेवू?"

आमच्या भागातलं ते काम मग थंडावलं. नवी घरं येईनात. खाडीकडच्या गावांत तर तिला लांबूनच हात जोडत. संस्थेने दुसरा जिल्हा धरला. मालूताईला ते फार लागलं. कारखान्यात येऊन बसली की पूर्वीसारखी जनुकांची बडबड करायची नाही. आम्ही मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करताना नुसती बघत राहायची. एकदा म्हणाली, "शैले, तू ना मला एक हात बॉडी कलर मार. गावोगाव फिरते, मग देतील रक्त." मी म्हटलं, "गप बस." ती हसली, पण तो विनोद नव्हता.

अंकिता मात्र दवाखान्यात येत राहिली. पदवी झाली, मग मालूताईच्या हाताखाली लागली. औषधं देणं, नव्या पेशंटना धीर देणं. वर्षभर दामूकाका तिच्याशी बोलत नव्हते, आता बोलतात, पण जेवलीस का एवढंच. मालूताईला शेवटी शेवटी पाठीमागे मानेवर मलम लावायला हात पोचायचा नाही, ते अंकिताच लावायची. त्या दिवशी सकाळीही तीच होती. दवाखाना उघडायला दोघी जिना चढत होत्या, मालूताई मध्येच थांबली, कठड्याला धरून खाली बसली... आणि झालं. हृदयविकार म्हणाले. अंकिताने तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं.

शोकसभा झाली. व्हायलाच हवी, पुढाऱ्यांना व्यासपीठ नको? स्टेजवर तोच नितळ फोटो, या वेळी काचेच्या फ्रेममध्ये, झेंडूचा हार. एकेक जण उठून बोलला. डॉक्टर मॅडम म्हणजे करुणेची मूर्ती, डॉक्टर मॅडम म्हणजे समर्पण. ज्यांनी आयुष्यात तिच्या हातचं पाणी प्यायलं नाही ते माइकवर गळा काढत होते. पुढारी म्हणाले, मॅडमच्या संशोधनाला आमचा सदैव सक्रिय पाठिंबा होता. मी पुढच्या रांगेत बसले होते. मला वाटलं उठावं आणि माइकपाशी जाऊन त्यांच्या अंगावर ओकावं. नाही ओकले. शेवटी ती फ्रेम 'दवाखान्यास सप्रेम भेट' म्हणून समारंभपूर्वक अंकिताच्या हातात दिली, फोटो काढून घेतले आणि सगळे बटाटेवड्यांकडे गेले. अंकिता ती फ्रेम छातीशी धरून तशीच उभी होती. मला म्हणाली, "मावशी, ही मी भिंतीवर नाय लावनार. ह्या बाईला मी ओळखत नाय."

दुसरा फोटो शोधला आम्ही. मालूताईला फोटोचा कंटाळा, धड एक सापडेना. दुसऱ्या दिवशी दुपारी अंकिता फ्रेम पिशवीत घालून जोह्याला आली. मी सगळ्यांना जेवायला पाठवलं, कॉम्प्रेसर बंद केला, फ्रेमची काच काढली आणि फोटो पाटावर ठेवला. आयुष्यभर मी डाग घालवायचं काम केलं. मूर्तीवर केसाएवढा चरा असला तरी गिऱ्हाईक परत देतं, म्हणून घासून, पुट्टी भरून, रंग मारून सगळं एकसारखं करायचं. त्या दुपारी पहिल्यांदा उलटं केलं. पांढऱ्यात किंचित गुलाबी मिसळला, कारण कोड काही चुन्यासारखं पांढरं नसतं, आतून रक्त दिसतं त्याच्यात. बारीक ब्रश घेतला. आधी भुवई. मग कपाळ, केसांपर्यंत. मग गाल, नाकपुडीच्या कडेने वळत गेलेला. गळ्याशी येऊन मी थांबले. आता इथे कसा होता? मला तिच्या शाळेतला आठवत होता, लग्नातला आठवत होता. अंकिता शेजारी गुडघ्यावर बसली होती. तिने आपलं पांढरं बोट फोटोवर न टेकवता फिरवलं. "इथून खाली उतरलेला, मावशी. यंदा कानामागं गेला होता. आनि इथं जरासा ठिपका तपकिरी राहिलेला, तो सोडा." मी तो ठिपका सोडला. मग तिथे मालूताई आली. आमच्याकडे बघायला लागली, आता डोळा मारते की काय अशी. तेव्हा मी रडले. पाटावर डोकं टेकून, तोंड वाकडं करून रडले. अंकिता माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. रंग वाळल्यावर फोटोखालची ती 'सप्रेम भेट'ची पट्टी, पुढाऱ्यांच्या नावासकट, बॉडी कलरने झाकून टाकली. डाग घालवायचं काम अजून विसरले नाही मी.

आता तो फोटो दवाखान्यात आहे, स्टुलासमोरच्या भिंतीवर. तिथे आता संध्याकाळी मालूताईच्याच हाताखाली शिकलेली एक डॉक्टर येते, बाकी वेळ अंकिता सांभाळते. परवा मी सहज गेले होते. खाडीकडची एक बाई आली, बरोबर लेक, पंधरा-सोळा वर्षांची, डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फमध्ये. बाई आत आली, फोटोकडे बघितलं आणि हळहळली, "अगो, येवढा चांगला फोटो, रंग सांडलाय बग त्याच्यावर. पुसून घ्या की." मी तोंड उघडणार होते. अंकिता माझ्या आधी बोलली. "सांडला नाय काकी, त्या तशाच होत्या. पोरीला बसवा इकडं." आणि तिने स्टूल जवळ ओढलं.